कोल्हापूरच्या मैदानावर माझ्या नावाचा माणूस

कोल्हापूरला फुटबॉल बघायला जाणार असाल तर सामन्याच्या दिवशी सकाळीच पोहोचा. दुपारनंतर पायऱ्यांवर बूड टेकायला जागा उरत नाही. मी पहिल्यांदा गेलो तो नव्वदच्या दशकात, बघायला नव्हे, खेळायला. निदान घरून निघताना तरी तसंच वाटत होतं.

भिवंडीत कामतघरच्या शाळेत मी शिक्षक. शाळेआधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या पोरांबरोबर सराव करायचो. रात्रपाळी संपवून आलेली ती पोरं झोपाळल्या डोळ्यांनीच धावायची. बारा वर्षं मी बचावफळीत खेळलो, त्यातली आठ कर्णधार म्हणून. बूट ज्याचे त्याने घ्यायचे, भाडं ज्याचं त्याने भरायचं. पुढे या खेळात पैसा आला, मुंबईची पोरं पगारावर खेळायला लागली. आमच्या संघालाही भरतशेठ मिळाला. कशेळीची जमीन गोदामांना देऊन तो शेठ झाला होता. कोल्हापूरच्या स्पर्धेत आमचं नाव त्यानेच घातलं.

सकाळी सहाला मेटाडोर निघाली आणि कशेळीच्या पुलावर ट्रकांमागे तासभर अडकली. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं, ते निवेपर्यंत आम्ही वडे खाल्ले. कऱ्हाडच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसता ऊस. संध्याकाळी धर्मशाळेत गाद्या मिळाल्या. तिथे गेलात तर मैदानाजवळच्या साध्या खानावळीतच जेवा, पांढरा रस्सा मागाल तितका वाढतात. आमचा हाफबॅक सलीम पाच वाट्या प्यायला, आणि उद्या धावणार कसा, यावरून मी त्याला झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतशेठ एका उंच पोराला घेऊन आला. विल्सन, मुंबईत एका कंपनीकडून पगारी खेळणारा. स्पर्धेत पगारी खेळाडूंना बंदी होती आणि आमची यादी आधीच गेली होती. भरतशेठने मला बाजूला घेतलं.

"मास्तर, राग नका धरू. नाव तुमचंच ऱ्हाईल, खेळंल ह्यो. आपल्याला कप न्यायचा हाय."

मी पोरांकडे पाहिलं. सलीम खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत राहिला. आयोजकांकडे जाऊन एक शब्द बोललो असतो तर अख्खा संघ बाद झाला असता. या स्पर्धेसाठी पोरांनी चार दिवसांच्या ड्युट्या सोडल्या होत्या. मी जर्सी काढून दिली.

तीन दिवस मी पायऱ्यांवर बसून तिन्ही सामने बघितले. लाउडस्पीकरवर माझं नाव घुमत होतं. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की हा भिवंडीचा मास्तर म्हणजे नुसती भिंत आहे. मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, विल्सन माझ्याहून फार चांगला खेळला. मला कधीच न जमलेल्या गोष्टी तो सहज करत होता. कप आम्हीच जिंकला. उत्कृष्ट बचावपटूचं बक्षीस माझ्या नावाने पुकारलं गेलं, ते त्याने घेतलं आणि खाली येऊन माझ्या हातात दिलं.

"सर, आप रखो. मेरे किस काम का?"

येताना मेटाडोरमध्ये सगळे गात होते. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

बातमी माझ्याआधी घरी पोहोचली होती. माझ्या खेळाला अकरा वर्षं नावं ठेवणाऱ्या बायकोने वर्तमानपत्रातलं माझं नाव चाळीत दाखवून साखर वाटली होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. तिने ते वर्तमानपत्र घडी घालून कपाटात ठेवलं.

मग म्हणाली, "आता हे कुणाला सांगू नका. लोक मला हसतील."

आजवर सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी संघाकडून खेळलो नाही, आणि बोलवायलाही कुणी आलं नाही. कोल्हापूरला मात्र दोनदा जाऊन आलो. रस्सा तसाच आहे. मैदानाकडे गेलो नाही. लोकांच्या आठवणीत राहावा असा माझा खेळ एकदाच झाला, आणि तो मी पायऱ्यांवरून बघितला.