पापाकुरा स्टेशनवरचा लेपचाचा धडा

मंडळी, आजच घडलेलं लिहितोय.

माझी बायको पेमा कालिम्पोंगची, तिथल्या डोंगराळ भागातल्या लेपचा जमातीची. ती माझ्या आईशी मराठीत बोलते, म्हणून मीही तिची लेपचा भाषा शिकतोय. आज दुपारी इथे परदेशात, आमच्या पापाकुरा रेल्वे स्टेशनवर ती मला अनेकवचन शिकवत होती. "माणसांना 'सांग' प्रत्यय लागतो, बाकी सगळ्यांना 'पांग'."

"स्पीक इंग्लिश!" शेजारचा एक माणूस ओरडला. पेमाने नुसतं वळून पाहिलं. त्याने सरळ तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा ओठ फाटला.

मी त्याला खाली पाडलं आणि मारत सुटलो. त्याच्या नाकातून रक्त आलं, त्याने हात जोडले, तरी थांबलो नाही. शेवटी पेमानेच मला मागे ओढलं.

"असल्यांना 'पांग'च लावायचं," मी धापा टाकत म्हणालो.

"नाही, 'सांग'च," ती रक्त पुसत म्हणाली.

पोलिसांनी आम्हा दोघांचे जबाब घेतले. तिला तीन टाके पडले. घरी आल्यावर तिने विचारलं, "तुझा पहिला ठोसा मला कळला. पण तो हात जोडत होता, तेव्हाचे कोणासाठी होते?"

तुम्ही काय सांगितलं असतं?