पाहुण्यांच्या आधी माझं पान

वादळानं आमची सुपारीची वाडी आडवी केली, त्यानंतर आम्ही घरामागे चार खोल्या बांधल्या आणि समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालू लागलो. म्हणजे खोल्या नवरा बघायचा आणि जेवू मी घालायचे. दिवेआगरात हा उद्योग घरोघरी आहे आणि घरोघरी बाई शेवटी जेवते. माझं दुपारचं जेवण चार वाजता, ओट्याशी उभ्यानं, कालवणाच्या टोपात जे काही उरलं असेल त्याच्याशी. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. उलट, पाहुण्यांनी हाताची तारीफ केली की पोट भरल्यासारखं वाटायचं. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

मग पोटात आग सुरू झाली. सगळ्यांनी सोलकढी सांगितली, थंड दूध सांगितलं, शेजारणीनं तर माझी दृष्ट काढली. शेवटी तालुक्याला जाऊन दुर्बीण घालून घेतली. जठरात जखम निघाली, आणि जखमेच्या मुळाशी असलेले जंतू. डॉक्टरीणबाईंनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. एक जेवणाच्या अर्धा तास आधी, बाकीच्या जेवणानंतर, दोन्ही वेळा. चौदा दिवस मी इमानेइतबारे काढले. पुढे तपासणी झाली तर जंतू जिथल्या तिथे.

"गोळ्या कशा घेत होतात, नीट सांगा," बाई म्हणाल्या. मी सांगितलं. पाहुण्यांची पानं एक वाजता मांडायची म्हणून साडेबाराला पहिली गोळी. दोनला पाहुणे उठले की बाकीच्या, कोऱ्या चहाबरोबर. पोट ढवळायचं, कधी उलटून पडायचं. पाहुणे नसले तर वेळेचं भान राहायचं नाही. मग आठवतील तेव्हा दोन वेळच्या एकदम.

"आणि तुम्ही किती वाजता जेवत होतात?"

"चार वाजता," म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. मी गोळ्या घेत होते त्या लोकांच्या जेवणाआधी आणि लोकांच्या जेवणानंतर. माझ्या पोटात त्या वेळी घोटभर चहापलीकडे काही नसायचं. इतकी वर्षं घड्याळ बघत मी स्वयंपाक करते, पण त्या घड्याळात माझं जेवण कुठेच नव्हतं.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त त्यामुळेच फसलं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं म्हणाल्या. पण अर्धवट मार खाल्लेला जंतू शहाणा होतो, मग तीच गोळी त्याला लागत नाही. या वेळी औषधं वेगळी दिली, दिवसातून चारदा. एका गोळीनं जीभ आणि शौच काळं होईल, त्याला भ्यायचं नाही. पण चक्कर आली, रक्ताची उलटी झाली, तर तडक निघून यायचं. कंबरदुखीच्या गोळीनं जखम वाढते, ती मनानं घ्यायची नाही. दुधाचं आणि एका गोळीचं पटत नाही, दोघांत अंतर ठेवायचं. दारूचा थेंबही नको, म्हणाल्या. तो प्रश्न नवऱ्याला पडला असता, मला नाही. आणि बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही. "हाही कोर्स फसला तर पुढे निवडायला फारशी औषधं राहणार नाहीत," हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि मी ते पदराला गाठ मारून घरी आणलं.

घरी डिसेंबर उजाडला होता आणि चारही खोल्या लागलेल्या. नवरा म्हणाला, "सीझन जाऊ दे की. जानेवारीत चालू कर." मी म्हटलं, "जखम सीझन बघत नाही," आणि त्याच दिवशी पहिली गोळी घेतली. स्वयंपाकघरात खोल्यांचं बुकिंग लिहायचं कॅलेंडर आहे. त्यावर पाहुण्यांच्या आकड्यांखाली मी रोज लिहू लागले : मी जेवले. आठ, एक, आठ. निजताना दोन घास आणि शेवटच्या गोळ्या.

सोपं नव्हतं. तोंडाला लोखंडाची चव आली. जीभ काळी पडली ती आरशात बघून मीच दचकले. पाचव्या दिवशी कालवणाची चवच कळेना, तेव्हा सासूबाईंना चाखायला बोलावलं. त्यांनी चाखून मीठ-तिखट सांगितलं.

तोवरचे पाहुणे समुद्रावरून दीडनंतरच यायचे, म्हणून माझं एकचं जेवण निभलं होतं. नवव्या दिवशी पुण्याची बारा माणसं आली. एक वाजता बाहेर पानं मांडलेली, माणसं बसलेली, आणि मी आत माझं ताट वाढून घेतलं. सासूबाई दारातच थबकल्या.

"पावनं बसलेत आनि तू जेवाया बसतेस? आमच्यात आसं कधी झालं न्हाय बाय."

"आजपासून झालं, आई. आधी पोटोबा, मग विठोबा. पाहुणे त्याच्यानंतर."

नवरा आत आला. "धा मिन्टांनी काय बिघडनार हाय?"

"मागच्या वेळी दहा-दहा मिनिटं करूनच बिघडलं," मी म्हटलं आणि भात कालवला. बाहेरून एक बाई डोकावली, जेवण तयार आहे का म्हणून. "मी जेवतेय. पंधरा मिनिटं लागतील," मी सांगितलं. पुढचा घास घेतला. ताट स्वच्छ केलं, गोळ्या घेतल्या, हात धुतला आणि बाहेर वाढायला गेले. बारा जण जेवले. कुणी उठून गेलं नाही. आभाळ होतं तिथेच होतं.

चौदा दिवस पुरे केले. एक गोळी हुकली नाही, एक उलटली नाही. महिनाभर थांबून, सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासणी केली. जंतू नव्हते. परतताना गाडीवर नवरा म्हणाला, "सुटलीस बाबा. आता पैल्यासारखं चालू दे."

दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. एक वाजता मी ताट घेतलं. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या.

"गोळ्या सरल्या ना गो तुज्या?"

"गोळ्या सरल्या. भूक कुठं सरली?"

त्या ओट्याशीच रेंगाळल्या. मी दुसरं ताट काढलं, भात वाढला आणि त्यांच्यापुढे पाट सरकवला. बाहेर पाहुणे बसले होते, त्या तिकडे बघत राहिल्या. मग बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं त्या दिवशी गरम भात दोनदा मागून घेतला.