काडीही बाहेर जाणार नाही

ज्या वस्तूला कुलूप नाही ती चोरीला गेलेलीच आहे, फक्त मालकाला अजून कळलेलं नाही, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नारायणगावच्या आमच्या साप्ताहिकाचे ते कम्प्युटरवाले. गाव आहुपे.

पेनड्राइव्ह नवे होते तेव्हाची गोष्ट. वार्ताहर बातम्यांबरोबर व्हायरसही घेऊन येत. एका व्हायरसनं तयार पानं गिळली, तेव्हा मालकांनी सुरक्षेचं सॉफ्टवेअर आणलं. पेनड्राइव्ह, सीडी, प्रिंटर यांतलं काय कुणी वापरायचं, हे त्यात ठरवता येई. ठरवायचं काम कम्प्युटरवाल्यांकडे आलं आणि पाटीलकी मिळाल्यासारखी त्यांची मान ताठ झाली. आहुप्याच्या देवराईत कुणीही जावं, हात जोडावेत. मात्र वाळकी काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. तोच कायदा त्यांनी मशीनला शिकवला. पेनड्राइव्हमधलं मशीनवर पाहता येई, मशीनमधलं पेनड्राइव्हवर नेता येत नसे. "बघा की राव, बघायला कोन नाय म्हनतंय? न्यायचं न्हाई." खरोखर गरज असेल तर देवापुढे कौल लावावा तसं त्यांच्यापुढे उभं राहून कारण सांगायचं, पटलं तर ते तेवढ्यापुरतं उघडत. संपादकांनी एकदा प्रिंटर मागितला.

"कशाला?"

"अग्रलेख आहे."

"वाचला मी. त्याची काय घाई न्हाई."

एका सोमवारी त्यांनी यूएसबी सरसकट बंद केलं आणि सगळ्यांचे माउस मेले. त्यांचा स्वतःचासुद्धा. दिवसभर कचेरी कीबोर्डवर चाचपडत होती. "माउस यूएसबीचाच हाय. नेम म्हंजी नेम." स्वतःच्या नावापुढेही त्यांनी फक्त 'पाहणे' ठेवलं होतं. पुजाऱ्याला सूट दिली की राई संपली, हे त्यांचं मत.

मग त्यांचे वडील वारले. म्हाताऱ्यानं जन्मात एकदाच फोटो काढून घेतला होता, देवराईवरच्या आमच्या लेखासाठी, आणि तो त्याच मशीनमध्ये होता. दहाव्याला पुढे ठेवायला घरात दुसरा नव्हता. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते रजेवर आहेत एवढंच माहीत. ते आले. पासवर्ड त्यांच्याकडेच होता, गुपचूप उघडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्याऐवजी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि हात बांधून उभे राहिले.

"एक फोटू न्यायचाय. तुमी कौल द्या."

अशी संधी कोण सोडतो? "अर्ज आणलाय का, भाऊ?" छायाचित्रकार म्हणाला. "फोटू बघा की राव, न्यायचा कशाला?" जाहिरातवाल्यानं आवाजाची हुबेहूब नक्कल केली. संपादकांनी चष्मा पुसत विचारलं, "एवढी कसली घाई?"

"परवा दहावा हाय. बापाचा हाय फोटू."

जाहिरातवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. टाइप करणारी मुलगी पहिल्यांदा बोलली, "उजवा कौल हाय, भाऊ. घ्या."

त्यांनी उघडलं, एकच फोटो पेनड्राइव्हवर घेतला, पुन्हा बंद केलं आणि बंद झालंय ना ते दोनदा पाहिलं. स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. घोडेगावची एसटी भरलेली होती. ते दारातच उभे राहिले, उजवा हात शर्टाच्या खिशावर दाबून. कंडक्टरला पैसे त्यांनी डाव्या हातानं दिले. गाडी वळेपर्यंत तो उजवा हात खाली आला नाही.