माझ्या हातचा पट्टा

स्पिरिटात भिजवलेला कापसाचा थंड बोळा पाठीच्या कण्यावरून फिरला, आणि मला एकाएकी धामणगावच्या आमच्या ओसरीचा मार्गशीर्षातला वास आला. नुकत्याच वेचून आणलेल्या कापसाचा, उन्हाने तापलेला, किंचित धुळकट. मग सुई टोचली आणि कमरेखालचे शरीर हळूहळू कोणा दुसरीचे झाले. बरेच झाले. बधिरपणाचा माझा सराव तसा जुना आहे.

चार महिन्यांपूर्वी उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. खोकले की वर येई, आडवे झाले की मावळे. मी ती लपवली. शेवटी सुनेने पाहिलेच. "काऊन लपवलं वं आत्याबाई? नव्या नवरीवानी लाजता काय?" "या वयात एखादं गुपित असू दे ना मले," मी म्हटले. ती हसली नाही. गाठीवर बांधलेला, माझ्या पेटीतला जुना पट्टा तिने ओळखला होता.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावले: पोटाची भिंत जांघेपाशी विरळ होते, त्या फटीतून आतडे बाहेर डोकावते, पट्ट्याने फट बुजत नाही, ऑपरेशनच करावे लागते. बायकांत हर्निया कमी, पण झालाच तर आतडे अडकण्याची भीती अधिक. "अडकलं तर?" मी विचारले, जणू मला ठाऊकच नव्हते.

ह्यांचेही हेच दुखणे होते, कापसाची गाठोडी गाडीत चढवता चढवता जडलेले. ऑपरेशनचे नाव काढले की "वेचणी होऊ दे" म्हणायचे. तेव्हा बावीस वर्षांच्या त्या शहाणीने, म्हणजे मीच, मांजरपाटाचा पट्टा शिवला, त्यात घरच्या कापसाची गच्च गादी भरली आणि कडेने लाल दोऱ्याची वेलबुट्टी काढली. जांघेच्या पट्ट्यावर वेलबुट्टी! कोणाला दाखवणार होती, देव जाणे.

रोज सकाळी हे आडवे होऊन गाठ बोटांनी आत सारत, मग मी पट्टा बांधी. एका दुपारी मात्र गाठ आत जाईना. दगडासारखी टणक, वरची कातडी तांबूस, आणि ह्यांना उलट्या. "दुखून राह्यलं, सोड वं." "सोसा जी थोडं, बसंल आपोआप," असे म्हणत मी गुडघा टेकवला आणि गाडीचा दोर आवळावा तसा तो पट्टा बाहेर आलेल्या गाठीवरच आवळला. स्वतःच्या शिवणीवर केवढा तो विश्वास! बुलढाण्याच्या दवाखान्यात नेताना जीप राजूर घाट चढत होती, तेव्हा हे म्हणाले, आता दुखत नाही. मी विजयाने मान डोलावली.

आतडे आत काळे पडले होते. तिसऱ्या दिवशी हे गेले. बाहेर आलेल्या गाठीवर पट्टा बांधायचा नसतो, एवढेच तिथले डॉक्टर म्हणाले, तेही हळू आवाजात. मी रडले नाही. लोकांनी मला धीराची ठरवले.

पट्टा मात्र पेटीत राहिला. हे चार महिने तो मी लाजेपोटी बांधत होते, असे सुनेला वाटते. मलाही वाटत होते. पण इथे, दिव्याच्या पांढऱ्या वर्तुळाखाली, आठवते आहे की रोज सकाळी मी आधी आडवी होत असे, गाठ पुरती आत गेल्याची तीनतीनदा खात्री करत असे आणि मगच पट्टा बांधत असे, अगदी सैल, कोणाला तरी दुखू नये इतका सैल.

"आजी, काही जाणवतंय का?" हिरव्या पडद्यापलीकडून प्रश्न आला.

"नाही," मी म्हटले. छातीवर ठेवलेली माझी बोटे तेवढी, पट्ट्याची नसलेली एक गाठ सोडवत होती.