शेणव्याच्या माळावर अमेरिकेची रुई

आसनगावला उतरलो तेव्हा माझ्या खिशात अमेरिकेतून आणलेली एक वाळकी शेंग होती आणि चेहऱ्यावर गंगा आणणाऱ्या भगीरथाचा भाव होता. निघताना बायको म्हणाली होती, "गॅलरीत मोगरा जगत नाही, आणि निघाले माळ फुलवायला." तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

शेंग मिल्कवीडची. मुलीकडे इलिनॉयला गेलो होतो तेव्हा हे झाड पाहिलं. तिकडच्या गवताळ माळांवर, मक्याच्या शेतांच्या कडेला ते आपलं आपण वाढतं. आपल्या रुईच्या भावकीतलंच. रुंद पान, मोडलं की पांढरा चीक, गुलाबी फुलांचे गोंडे. हिवाळ्यात बर्फाखाली वरून मरतं, वसंतात मुळांतून पुन्हा येतं. मोनार्क नावाचं केशरी फुलपाखरू याच्याच पानांवर अंडी घालतं. मी पुरता भाळलो आणि येताना एक शेंग मोज्यात लपवून आणली. असं परक्या मुलखातलं बी आणू नये हे मला ठाऊक होतं. पण शहाणपण आणि मी एका घरात फारसे कधी नांदलो नाही.

शहापूरहून जीपने शेणव्याला पोचलो. माझा कचेरीतला जुना सोबती काळूराम निवृत्तीनंतर तिथं भातशेती करतो. त्याच्या बायकोने, सगुणावहिनींनी, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. चार भाकऱ्या झाल्यावर काळूराम आडवा झाला आणि मी घरामागच्या माळावर गेलो.

मे संपत आला होता. उताराच्या पायथ्याशी राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) काळा पडला होता. वर वाळकं गवत आणि भरपूर वारा. मी शेंग उभी चिरली. मिल्कवीडच्या प्रत्येक बीला म्हातारी (उडणारा रेशमी झुपका) असते, हे मी वाचलं होतं. वाऱ्याने काहीच वाचलं नव्हतं, तरी त्याला माझ्यापेक्षा जास्त कळलं. क्षणात माझ्या हातात नुसतं टरफल उरलं.

तेवढ्यात वहिनी दोन शेळ्या घेऊन वर आल्या.

"काय उडवता, भाऊ?"

मी मिल्कवीडवर व्याख्यान दिलं.

"शेळीनं खाल्लं तर?"

"विषारी आहे," मी अभिमानाने सांगितलं.

वहिनींनी शेळ्यांच्या दोऱ्या आवळल्या. "रुई आमच्या शेळ्यांना ठाव हाय, तोंड नाय लावत. ह्या नव्या झाडाची वळख त्यांना कोन देनार? ही गाभण हाय, भाऊ. हिच्या करडांवर नातीची शाळा चाललीय."

माझी मान खाली गेली. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून म्हाताऱ्या वेचू लागलो. काळ्या राबावर त्या लगेच दिसत. वाळक्या गवतात एकही दिसेना. दोन तासांनी माझी पँट राखेने काळी झाली आणि खाली शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला.

"सगळ्या गावल्या?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्या," मी म्हणालो आणि पळालो.

दोन वळणं गेल्यावर मला बसवेना. जीप थांबवली, उतरलो आणि धापा टाकत चालत परत आलो. वहिनी अंगणात शेळ्या बांधत होत्या.

"वहिनी, सगळ्या नाही सापडल्या. खोटं बोललो."

"ठाव हाय. पाठ फिरवून बोलला तवाच कळलं." त्यांनी गाठ घट्ट केली. "आता पावसाळाभर ह्या घरीच. चारा मी दुसऱ्या डोंगरावरनं आनीन. तुमी पावसात या न् तुमचं झाड वळखून उपटा."

आता खरी लाज पुढे होती. मिल्कवीडचं फूल मला ओळखता येतं. कोवळं रोप कसं दिसतं, देव जाणे. तेही सांगून टाकलं.

वहिनींनी दुसरी शेळी खुंट्याला बांधली. "मग असं करू. मला वळखू येतं ते ठेवू. नाय वळखू येत ते उपटू."

तेव्हापासून दर रविवारी मी शेणव्याला जातो. टाकळा, कुर्डू, भारंगी. वहिनी नावं घेतात, मी मागून चिखलात रांगतो. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, उगवलं का?" उगवू नये म्हणून एवढा प्रवास करणारा मी बहुधा पहिलाच वृक्षप्रेमी.

गेल्या रविवारी वहिनी दुसऱ्या डोंगरावरून ओल्या गवताचा भारा घेऊन येताना वाटेत भेटल्या. हा भारा माझ्यामुळे, म्हणून मी हट्टाने डोक्यावर घेतला. वीसेक पावलांत मान लटपटली आणि मी भाऱ्यासकट खाली बसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी चुंबळ डोक्यावर नीट केली, भारा उचलला आणि पुढे चालू लागल्या.