चव बघणारी भावंडं

व्हिस्कीच्या त्या कारखान्यात चव बघायचं काम एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ मिळून करत. पिंपांच्या कोठाराला लागून त्यांची खोली होती: लांब टेबल, निमुळत्या तोंडाचे ग्लास, थुंकायला बादली. घोट जिभेवर फिरवायचा आणि टाकून द्यायचा, गिळायचा नाही. बहिणीला सगळे ताईच म्हणत. बोलायला फटकळ, जिभेला हाड नव्हतं, पण चव मात्र पक्की होती.

आई आजारी पडली तेव्हा ताई धान्य पारखायला परगावी गेली होती. परत येते तर भावाने आईला शुश्रूषागृहात ठेवलेलं. "मला एका शब्दाने विचारलंस?" एवढंच ती बोलली. आई तिथेच वारली आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. कामापुरतं बोलत, तेही अहोजाहो करून. "तुमचा ग्लास झाला का?" "झाला. पुढचा घ्या." सख्ख्या भावाबहिणीचं हे 'तुम्ही' ऐकून कामगार तोंड फिरवून हसत.

त्या वर्षी मालकांनी राय धान्याच्या जुन्या व्हिस्कीचं खास मिश्रण करायचं ठरवलं. पिंपं कितीतरी वर्षं मुरलेली. ताईने पहिला घोट घेतला. आधी मिरीचा झणका, मग भाजलेल्या पावाचा खरपूसपणा, शेवटी मधासारखं काहीतरी जिभेवर रेंगाळणारं. तिचे डोळेच मिटले.

"कडू आहे," भाऊ म्हणाला. "पिंपाचं लाकूड फार उतरलंय."

दुसरं पिंपही कडू. तिसरंही. ताईला आधी वाटलं, मुद्दाम खोड काढतोय. पण तो प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत होता, आणि सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. तिने एक ग्लास भरून पुढे सरकवला.

"हेही कडूच," तो म्हणाला.

"अरे, ते पाणी आहे! काय झालंय तुला?"

त्याने ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पोटात गाठ निघालीय. औषधं सुरू आहेत. चव पार गेली, ताई. इथे सांगितलं तर घरी बसवतील."

"आणि मला?"

"तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईने डोळे पुसले आणि नाक शिंकरलं. "वास तरी येतो का?"

"येतो."

"मग तू हुंग, मी चाखते. मालकांना मी सांगते, खरं तेच सांगते."

मालकांनी थोडी कुरकुर केली, पण ऐकलं. रोज भाऊ ग्लास हुंगून सांगे, "यात वाळलेलं गवत आहे, हे थोडंच घे." ताई चाखून मान हलवे. काम संपल्यावर ती त्याला दवाखान्यात नेई. पहिल्यांदा त्याच्या घरी गेली तेव्हा भावजयीने दार उघडलं आणि तिथेच तिच्या गळ्यात पडून रडली.

आईचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. अजूनही काढत नाहीत.

औषधं संपली आणि हळूहळू भावाच्या जिभेवर चव परतली. तोवर मिश्रण बाटल्यांत भरून झालं होतं. भावाने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"मिरी जरा जास्त झालीय," तो म्हणाला.

"जास्त? कुठे जास्त?" ताई उसळली. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं कडाकडा भांडत होती, आणि बाहेरचे कामगार खिडकीशी उभे राहून ऐकत होते.