निळ्या डांगरीतली ‘गाय’

मंडळी, शाळेतून येऊन तासभर झाला, आता ही मेल लिहितेय. अंगाला अजून धुराचा वास आहे.

दुबईतल्या ज्या ब्रिटिश शाळेत मी शिकवते, तिथे आज शेकोटी आणि फटाके होते. चारशे वर्षांपूर्वी लंडनची पार्लमेंट उडवायला निघालेल्या माणसाचा पुतळा हे लोक दरवर्षी जाळतात. त्याच्या नावावरून त्या पुतळ्यालाही म्हणतात ‘गाय’.

दुपारी आमच्या शाळेतले कुडाळचे सुतार, राऊळमामा, लाकडं रचता रचता थांबले.

"बाई, हे गाय जाळतले म्हणतत. माझ्याच्यान होवचा नाय."

गाय नव्हे, माणूस, असं मी सांगितलं. दोघंही हसलो. मग पुतळा आला. आत वर्तमानपत्रं कोंबलेली, वर कामगारांची निळी डांगरी. मामांच्या अंगावर होती तशीच.

मामा हसायचे थांबले. "म्हंजे आमकाच जाळतत?"

मी मुख्याध्यापिकेकडे गेले.

"इट्स जस्ट ओल्ड क्लोद्स, डिअर. मुलं वाट बघताहेत."

"तो माणूस तुमच्यातला होता," मी म्हटलं. "तुमचेच कपडे घाला त्याला."

आणि सगळ्यांदेखत पुतळ्याची डांगरी उतरवली. खेळाच्या सरांनी आपला जुना कोट आणि टाय आणून दिला. पुतळा जळला. मुलांनी तितक्याच टाळ्या वाजवल्या.

उद्या सकाळी मला ऑफिसात बोलावलंय. माझं कॉन्ट्रॅक्टही याच महिन्यात संपतंय.

डांगरी धुऊन बाल्कनीत वाळत घातली आहे. तीच घालून जावं म्हणते. तुम्ही काय घालून गेला असता?